दीडशे फेऱ्या, अधिक-उणे

बाईंना कुणी "किती वाजले?" असं विचारलं तर त्या स्टेशनाचं नाव सांगायच्या. "क्योबाशी गेलं आत्ताच." नाहीतर, "तेन्नोजीला अवकाश आहे अजून." मनगटावर घड्याळ असायचं, यजमानांचं जुनं, काळ्या पट्ट्याचं. पण ते प्रयोगाचं. वेळ बघायला त्यांना रेल्वे पुरायची.

नव्वदीतली गोष्ट. ओसाका शहराला एक गोल रेल्वे आहे. नारिंगी डबे, सगळ्या शहराला वळसा घालून चाळीसेक मिनिटांत पुन्हा जिथल्या तिथं. आम्ही दोघी, बाई आणि मी, आपापल्या घरी राहायचो तेरादाचोला. शेजारचंच स्टेशन तेन्नोजी, दोन मिनिटांवर. बाई तिकीट तेन्नोजीचं काढायच्या आणि मुद्दाम उलट्या बाजूच्या गाडीत बसायच्या. म्हणजे दोन मिनिटांच्या गावाला अख्खं शहर फिरून जायचं. हे नियमात बसतं, एकच स्टेशन दोनदा लागलं नाही म्हणजे झालं. तो नियम त्यांनी स्टेशनावरच्या माणसाकडून कागदावर लिहून घेतला होता आणि त्याची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती. कुणी कधी विचारलं नाही. पण विचारलं तर कागद तयार!

चौथा डबा, तिसरं दार, दारालगतचं सीट. सुती साडी, वर यजमानांचा ऑफिसचा ओव्हरकोट, पायात पांढरे धावायचे बूट आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा. कागद म्हणजे चिराशी. तिथं रोज सकाळी वर्तमानपत्रातून दुकानांच्या जाहिराती पडतात, त्यांना चिराशी म्हणतात. पुढून मासे, मुळे, साबणाची पूड आणि मागून पुष्कळदा कोरं. त्या कोऱ्या बाजूवर बाईंचं फिजिक्स चालायचं.

अठरा वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई. यजमानांची बदली झाली, राजीनामा देऊन आल्या. दोन खोल्यांच्या घरात पहिले सहा महिने त्या भिंतींना शिकवायच्या, हे त्यांनीच सांगितलं. "भिंतींचं एक वाईट असतं बघ," म्हणाल्या, "त्यांना सगळं समजलेलं असतं." म्हणून मग रेल्वे. हिवाळ्यात सीटखालून ऊब, उन्हाळ्यात गारवा, आणि चाळीस मिनिटांचा तास, घंटेशिवाय.

आता माझं सांगते. सरळ सांगते, कारण आडून सांगायची मला सवय नाही.

मी बार्शीची. वडिलांचं सायकलचं दुकान. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणे. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळवला. पण दुसऱ्या वर्षाचं फिजिक्स अडकलं होतं, दोन पेपर आणि प्रॅक्टिकल. दोनदा बसले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा बसले त्याच महिन्यात लग्न ठरलं. पत्रिका छापायला टाकली तेव्हा वडील स्वतः प्रेसमध्ये उभे राहिले आणि माझ्या नावापुढं कंसात 'बी.एस्सी.' घालून घेतलं. "निकाल लागंलच की," म्हणाले.

निकाल लागला. मी पुन्हा नापास. पत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या.

नवऱ्याला मी लग्नानंतर आठ दिवसांत सांगून टाकलं. तो पुण्याचा, कॉम्प्युटर इंजिनिअर, घरात आजोबांपासून सगळे पदवीधर. तो हसला. "अगं, काय फरक पडतो?" म्हणाला. त्याला खरंच पडत नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. ज्यांच्या घरात पदव्या असतात त्यांनाच पदवीनं फरक पडत नाही. आमच्या घरात वडिलांनी ती पत्रिका दुकानात हवेच्या पंपावर चिकटवून ठेवली होती. हवा भरायला येणारा प्रत्येक माणूस ती वाचून जायचा.

त्यात कळलं की अभ्यासक्रम बदलतोय. जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा ऑक्टोबरात. तेव्हा पास झाले तर झाले, नाहीतर ते कंसातलं 'बी.एस्सी.' कायमचं खोटं.

म्हणून मी ओसाकात गाईड घेऊन पाठ करत फिरायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तेन्नोजीला जायचं म्हणून चुकून उलट्या गाडीत बसले. बसले ते बसले, डोळे मिटून पुटपुटत राहिले, "मोमेंट ऑफ इनर्शिया ऑफ अ बॉडी अबाउट एनी अ‍ॅक्सिस इज डिफाइन्ड अ‍ॅज..." समोरून मराठीत आवाज आला.

"कुणाची गं ती कविता?"

डोळे उघडले तर समोर साडी, ओव्हरकोट, पांढरे बूट.

"कविता नाही, फिजिक्स आहे."

"चालीत म्हणतेस म्हणून वाटलं. सोलापूरकडची?"

"बार्शी."

"बरं, बार्शी, ते मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय ते सांग. डेफिनिशन नको. म्हणजे काय ते सांग."

मी डेफिनिशन सांगितली. दुसरं येत काय होतं! बाई म्हणाल्या, "बस इकडं शेजारी." तेव्हापासून मी त्यांची बार्शी. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

पहिल्याच दिवशी मी व्यवहाराचं विचारलं. "बाई, सगळं करायला किती तास लागतील?"

"तासांचं मला विचारू नकोस. तास खुर्चीत बसूनही जातात. फेऱ्या विचार."

"मग किती फेऱ्या?"

त्यांनी वर पंख्याकडं बघत हिशेब केला. "दीडशे. एका फेरीत एक गणित. एकच. पण ते पुरं. शिवाय घरी. कॉलेजात कसं असतं बघ, एक तास कानाचा, त्यामागं तीन तास हाताचे. तू कानाचे सगळे भरलेस. हाताचा एकही नाही. ते साठलंय."

"मग सुट्टीच्या दिवशी एकदम आठ-दहा फेऱ्या मारल्या तर?"

"आंघोळ करतेस का गं आठवड्याची एकदम?"

आमचा तास असा चालायचा. तेरादाचोला गणित वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. मोमोदानीपर्यंत चित्र काढायचं, आकडा एकही नाही. त्सुरुहाशीला उत्तराचा अंदाज लिहायचा, कागदाच्या कोपऱ्यात. त्सुरुहाशीच्या फलाटावर भाजलेल्या मांसाचा धूर थेट डब्यात शिरायचा. बाई कट्टर शाकाहारी, नाकाला पदर लावून तिथूनच बोलायच्या, "अंदाज! अंदाज लिही आधी! मिरच्या किती पडतील याचा अंदाज घेतल्याशिवाय फोडणी करतेस का तू?" मग ओसाका स्टेशनपर्यंत गणित सोडवायचं. अडकलं तरी पुस्तक उघडायचं नाही. मी अडकले की बाईंचा चेहरा उजळायचा. अक्षरशः हात चोळायच्या.

"अडकलीस? वा! आता अभ्यास सुरू झाला. इथपर्यंत नुसतं वाचन होतं."

"बाई, निशि-कुजो आलं. मला काहीच येत नाहीये."

"काहीच नाही असं नसतं. कुठपर्यंत येतंय ते लिही, आणि काय कळत नाही ते एका वाक्यात लिही. ज्याला आपल्याला काय कळत नाही ते लिहिता येतं, त्याचं अर्धं झालं."

खोटं वाटेल, पण निम्म्या वेळा ते एक वाक्य लिहितानाच गणित सुटायचं. शिन-इमामियाला ताडकन उठून मी "आलं!" म्हणून ओरडायची आणि झोपलेले ऑफिसवाले दचकून टाय सावरायचे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा, न बघता. आलं तर पुढचं. नाही आलं तर तीच फेरी पुन्हा. मी गाईडच्या मागच्या पानावर प्रत्येक फेरीची रेघ मारत होते.

बाईंचा आणखी एक नियम होता. आपल्याला समजलं की नाही हे आपल्याला कळत नसतं, समोरच्याला कळतं. म्हणून रोज जेवताना नवऱ्याला समजावून सांगायचं. नवरा बिचारा वरणभात कालवत "हं, हं" करायचा. बाईंनी ते चालवून घेतलं नाही. "इंजिनिअर आहे तो. त्याला येतंय. ज्याला येत नाही त्याला सांग."

असं माणूस मला कुठं मिळणार? ते मिळालं गाडीतच.

एप्रिल संपत आलेला. बाईंनी माझ्या कंपासपेटीतला कोनमापक मागून घेतला, दोऱ्याला एक नट बांधला आणि दोरा वरच्या दांडीला अडकवला. शेजारी हातात धरायच्या कड्यांची रांग लोंबत होतीच. "गाडी सुटताना बघ." गाडी क्योबाशीहून सुटली. सगळी कडी एकदम मागं झुकली, शिस्तीत, एका कोनात, आणि आमचा नटही. मी रोज बघत होते की हे! रोज! आणि कधी बघितलंच नव्हतं.

"किती अंश?"

"चार! बाई, चार अंश!"

"तर मग गाडीचं अ‍ॅक्सिलरेशन काढ. टॅन घे, g नं गुण."

मी मासळीच्या चिराशीमागं काढलं. दर सेकंदाला वेग सत्तर सेंटिमीटर प्रति सेकंद वाढत होता. एवढ्या अवाढव्य गाडीचं अ‍ॅक्सिलरेशन मी एका नटानं आणि सुताच्या दोऱ्यानं मोजलं होतं. इंजिनाला विचारलं नाही, ड्रायव्हरला विचारलं नाही!

समोर एक आजीबाई बसल्या होत्या. वाकलेल्या, मांडीवर बाजाराची पिशवी, हाताला छत्री. दोन साडीतल्या बायका दोरा लटकवून त्याकडं टक लावून बसल्यात म्हटल्यावर त्यांना ही काहीतरी पूजा वाटली. त्यांनी हात जोडून अदबीनं विचारलं, कसली प्रार्थना म्हणून.

बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "मिळालं गिऱ्हाईक. समजाव."

"बाई, मला चाळीस शब्द येतात जपानीतले!"

"पुष्कळ झाले. जास्त शब्द असले की माणूस डेफिनिशन सांगतो."

मी आजींची छत्री मागून घेतली, दांडीला टांगली. गाडी थांबताना छत्री पुढं गेली, सुटताना मागं. गाडी निघाली, मी म्हणाले. छत्री नाही निघाली. छत्री अजून तिथंच. बोटांनी दाखवलं, मग अख्खी मीच मागं झुकून दाखवलं. आजी माझ्याकडं बघत राहिल्या, छत्रीकडं बघितलं, आणि एकदम टाळी वाजवून म्हणाल्या, "ओकुरेतेरु!" उशीर होतोय तिला!

आणि बघा, त्या क्षणी मला इनर्शिया समजलं. त्यांना नव्हे, मला! पाच वर्षं पाठ केलेली ओळ एका जपानी म्हातारीनं एका शब्दात सांगितली होती. गाडी सुटली आणि छत्रीला अजून पत्ताच नाही. मी बाईंचा हात गच्च धरला. बाई नाकाचा शेंडा लाल करून खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणाल्या, "तेन्मा येतंय. नट सोडव."

वडिलांचं एक वाक्य मी बाईंना असंच कधीतरी सांगितलं होतं. दुकानात नवं पोरगं कामाला आलं की वडील म्हणायचे, "डोळ्यानं बघून आऊट कळत न्हाई. चाक फिरवावं लागतं." बाईंनी वही मागून ते लिहून घेतलं. "तुझे वडील माझ्याहून मोठे प्राध्यापक आहेत, बार्शी. अठरा वर्षं मी चाक नुसतं दाखवलं."

तेव्हा मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. तसं नव्हतं.

जूनमध्ये त्यांनी मला घरचा प्रयोग दिला. साधा लंबक, म्हणजे दोऱ्याला वजन बांधून झोका मोजायचा आणि त्यावरून g, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा आकडा, काढायचा. मी पडद्याच्या दांडीला नायलॉनची दोरी बांधली, बॅगेचं कुलूप लटकवलं, आणि वीस झोके मोजले. एकदा ९४७ आलं. नवऱ्याला मोजायला लावलं तर १०५१. पुन्हा मी, तर ९५३. आता पुस्तकात तर ९८०. मग मी काय केलं? जे कॉलेजात सगळे करायचे तेच. आधी उत्तर लिहिलं, मग उलटं गणित करून झोक्यांचे सेकंद बसवले. थोडं इकडं, थोडं तिकडं, म्हणजे खरं वाटावं. आमच्याकडं जर्नल, म्हणजे प्रयोगाची वही, असंच लिहितात, यात पाप आहे असं मला माहीतच नव्हतं. सरासरी ९८०. सुवाच्य अक्षरात, पट्टीनं रेघा मारून बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी मोमोदानीपर्यंत कागद बघितला.

"दोरी कसली?"

"नायलॉनची."

"घड्याळ?"

"मनगटी."

"दांडी पडद्याची. लंबक म्हणजे कुलूप. आणि उत्तर ९८०."

"हो, बाई," मी म्हणाले. थोडी खूश होऊनच.

"बार्शी, ओसाकात g ९८० नाही. इथं ९७९.७. तुझ्या बार्शीत तर त्याहून कमी, ९७८ आणि थोडं. हे ९८० ना इथलं, ना तिथलं. हे कुठलं आणलंस तू?"

गाडी त्सुरुहाशीला थांबली, दार उघडलं, धूर आत आला. आणि ज्या बाईंनी फेरी कधी अर्धी सोडली नव्हती त्या उठल्या, पदर नाकाला न लावता सरळ फलाटावर उतरल्या आणि निघून गेल्या.

आठ दिवस चौथ्या डब्यात मी एकटीच होते. आधी राग आला. एवढं काय, एका आकड्याचं! मग आठवलं, तो एकच आकडा नाही. माझ्या नावापुढं कंसात छापलेलंही तेच. आधी उत्तर, मग निरीक्षण. तिथून पुढं मला बसवेना. मी घरी येऊन कुलूप पुन्हा टांगलं. रोज वीस-वीस झोके, जे आलं ते लिहिलं. ९४७, ९५३, ९४४, आणि नवऱ्यानं मोजलं की हटकून हजाराच्या वर. नवव्या दिवशी ती चिराशी घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले.

बाईंचे हात पिठानं भरलेले. मी कागद पुढं केला आणि पत्रिकेचं सगळं सांगून टाकलं, दारातच, चपला न काढता. प्रेस, कंस, हवेचा पंप, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत ये. मीही सांगते. अठरा वर्षं मी असल्याच जर्नलांवर सह्या केल्या. लाल शाईनं, 'एक्झामिन्ड' लिहून. एका बैठकीत साठ-साठ. सगळ्यांचं ९८०. मला काय कळत नव्हतं? कळत होतं. एका पोरीनं एकदा ९३१ लिहून आणलं होतं. मी तिला 'पुन्हा कर' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं ९८० आणलं. मी सही केली." त्यांनी पीठ झटकलं. "तुझ्यावर चिडून नाही गं उतरले मी त्या दिवशी. स्वतःवर चिडून उतरले."

मग त्यांनी माझा कागद उजेडात धरला, आणि काय सांगू! बाई पन्नाशीच्या, तातामीच्या चटईवर लहान मुलीसारख्या गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आल्या.

"९४७! ९५३! ९४४! अगं, किती सुंदर चूक आहे ही! बघ तरी, सगळी एकाच बाजूला. म्हणजे चूक तुझ्या मोजण्यात नाही, मांडणीत आहे. दोरीची लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस?"

"कुलपापर्यंत."

"कुलपाच्या वरपर्यंत की मध्यापर्यंत?"

मी कपाळावर हात मारला. वरपर्यंत!

"आणि हे हजाराच्या वरचे कुणाचे?"

"ह्यांचे. कुलूप सोडल्या सोडल्या 'एक' म्हणतात."

"म्हणजे एकोणीसच झोके होतात!" बाई हसून हसून मागं कलंडल्या. "कॉम्प्युटरवाला ना गं तुझा नवरा? आणि शून्यापासून मोजता येत नाही?"

संध्याकाळी नवऱ्यालाही बोलावून घेतलं. लांबी कुलपाच्या मध्यापर्यंत धरली, नवऱ्यानं शरमून "शून्य" पासून सुरुवात केली. ९७४ आलं. बाईंनी मला त्यापुढं 'अधिक-उणे १२' लिहायला लावलं. "हे लिहायला लाजू नकोस. आपण किती चुकू शकतो हे माहीत असणं म्हणजेच मोजणं." मी चिराशी पुढं केली. "सही करा, बाई."

"सही मी बंद केली आहे," म्हणाल्या. "चल, लाटायला लाग."

ऑक्टोबरात मी गावी आले. पेपर दोन्ही बरे गेले, कारण अडकायची मला आता भीतीच उरली नव्हती. अडकले की वाटायचं, चला, सुरू झालं. प्रॅक्टिकलला चिठ्ठीत बार पेंड्युलम निघाला. धातूचा लांब दांडा धारेवर टेकवून झुलवायचा. केंद्राचं कॉलेज जुनं, उपकरण त्याहून जुनं. मी तीनदा मोजलं, तीनदा ९६०च्या आसपास. शेजारच्या टेबलावरची मुलगी कुजबुजली, "अहो ताई, ९८० लिहा की. एक्स्टर्नल नवीन आहेत, खडूस आहेत."

तीनदा नापास झालेली मी. बाहेर व्हरांड्यात वडील जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेले खिडकीतून दिसत होते. लिहिलं असतं ९८० तर कुणालाही कळलं नसतं.

मी ९६२ लिहिलं.

एक्स्टर्नल परीक्षकांनी चष्मा वर केला. "९६२? हा आकडा ठेवणार तुम्ही?"

"ठेवणार, सर."

"पुस्तकात किती आहे?"

"९८०. पण ते बार्शी-सोलापूरकडं येणारच नाही, सर. इकडं ९७८ च्या जवळपास. माझं त्याच्याहूनही कमी आलंय, कारण ही धार झिजलीय. दांडा झुलताना घसरतो. बघा ना फिरवून."

ते उठले. खरंच उठले! दांडा हातात घेतला, झुलवला, धारेवर बोट फिरवलं. मग शिपायाला हाक मारली, "हे उपकरण बाजूला काढा," आणि माझ्याकडं वळून, "कुठं शिकलात?"

"रेल्वेत," म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं.

बाहेर आले तर वडिलांनी एवढंच विचारलं, "निघालं का चाक सरळ?"

"सरळ नाही, आप्पा. पण आऊट किती हाय ते बरोबर सांगितलं."

त्यांनी मान हलवली. "मंग कारागीर झालीस," म्हणाले, आणि डबा उघडला.

डिसेंबरात चुलत्यांचा फोन आला ओसाकाला. निकाल लागला होता. मी रिसीव्हर नीट ठेवला की नाही आठवत नाही. स्वेटर उलटा, चिराशी आणि गाईड हातात, तेरादाचोचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. चौथा डबा, तिसरं दार. बाई तिथंच होत्या, ओव्हरकोटात.

"बाई! पास! दोन्ही पेपर आणि प्रॅक्टिकल!"

डबाभर लोक बघायला लागले. बाईंनी डोळे मिटून घेतले. एक स्टेशन तसंच गेलं.

"प्रॅक्टिकलला किती आलं?"

"९६२."

"ठेवलंस?"

"ठेवलं."

"फेऱ्या किती झाल्या?"

मी गाईडचं मागचं पान उघडलं. रेघांचं जंगल. "एकशे अठ्ठ्याऐंशी. तुम्ही दीडशे म्हणाला होता, बाई. चुकलात तुम्ही."

"चुकले नाही. दीडशे, अधिक-उणे चाळीस. तेव्हा सांगायचं राहिलं." मग त्यांनी हात पुढं केला. "आण तो कागद."

मी जूनमधली ती चिराशी दिली. ९४७, नवऱ्याचं १०५१, खाडाखोड, कुलपाच्या चित्रावर पिठाचं बोट, खाली ९७४ अधिक-उणे १२. बाईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून लाल पेन काढलं. नियमाच्या कागदाशेजारी ते सगळे महिने होतं म्हणजे! गाडी हलत होती. त्यांनी त्सुरुहाशी येईपर्यंत वाट बघितली. गाडी पुरती थांबल्यावर, धूर आत आला तरी पदर न उचलता, दोन्ही हात कागदावर ठेवून, सावकाश लिहिलं, 'एक्झामिन्ड'. खाली सही. तारीख.

माझं पदवीचं प्रमाणपत्र लोखंडी पेटीत आहे, घडी पडलेलं. भिंतीवर फ्रेम केलेली आहे ती चिराशी. भिंतीकडची बाजू ट्यूना माशाची आहे, पण ते मला एकटीलाच माहीत आहे.